एका आठवड्यातले दोन शनिवार

ऑकलंडच्या दक्षिणेला ओतारा नावाचं उपनगर आहे. तिथे गाड्यांच्या तळावर दर शनिवारी पहाटेपासून बाजार भरतो. जुलैचा शेवट होता, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. सात वाजले तरी उजाडलं नव्हतं. दिव्यांच्या उजेडात अळूचे कांदे, कच्ची केळी, शहाळी आणि तळहाताएवढ्या फुलांची छपाई असलेलं कापड मांडून ठेवलं होतं. मी कापडापाशी घुटमळतेय हे पाहून भाची म्हणाली, "मावशी, त्या मामांना विचार. त्यांना यातलं सगळं कळतं." मी कुणी मिशीवाले गृहस्थ दिसतात का ते शोधू लागले. समोर उभ्या होत्या सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. डोक्यावर लोकरीची टोपी आणि टोपीवर चक्क फुलांचा मुकुट. कुक बेटांच्या भाषेत मामा म्हणजे आई, आणि वयाचा मान राखायचा तर कुणीही पोक्त बाई. तेव्हा या लेखात जिथे जिथे मामा येतील तिथे वाचकांनी मिशा पुसून टाकाव्यात.

मला हवं होतं ते तीवाएवाए. वेलिंग्टनच्या 'ते पापा' या राष्ट्रीय संग्रहालयाकडे त्यांचा मोठा संग्रह आहे. त्याची छायाचित्रं पाहून मी हरखून गेले होते: पलंगभर पसरलेली, लालपिवळ्या रंगांनी पेटलेली, हजारो चिमुकले चौकोन हातानं जोडून केलेली. मी मनातल्या मनात त्यांना गोधडी म्हणून टाकलं होतं. मामांना तसं सांगितलं, फोनवर आमच्या आजीच्या गोधडीचा फोटोही दाखवला. मामांनी तो बोटांनी मोठा करून टाके पाहिले, मान डोलावली आणि विचारलं, "हे कसलं कापड?"

"आजीच्या लुगड्यांचं. जुन्या."

"वापरलेलं?" मामांचा चेहरा जरा कसनुसा झाला. आम्ही पाहुण्याला उष्टं वाढतो असं मी सांगितलं असतं तर झाला असता तसा. "तीवाएवाए नव्या कापडाचीच करतात. ती द्यायची वस्तू. जुनी कशी देणार?"

वाकळ काय, गोधडी काय, तिचा सगळा जीव जुन्या कापडात असतो असं मानत मी वाढले. हे आईचं पातळ, हा भावाचा सदरा, हा आजोबांच्या धोतराचा तुकडा. कापड मऊ झालेलं हवं, घामाचं हवं. आणि इथे एक अख्खा समाज आपल्या घराण्याची आठवण कोऱ्या कापडावर शिवत होता. शिवाय तीवाएवाएत पोटात भरण काही नसतं. वरचं कापड आणि खालचं अस्तर, बस्स. पांघरली तर ऊबही फारशी मिळायची नाही. मग ती करतात कशाला?

मामा हसल्या. आज दुपारी मी रारोटोंगाला निघालेय हे कळल्यावर त्यांनी नातवाला घरी पिटाळलं. तो एक पुडकं घेऊन आला. आत लाल रंगाच्या दोन छटांचं सुती कापड आणि भरतकामाच्या दोऱ्याच्या बारा लडी. "माझ्या बहिणीला दे. हा लाल तिकडे मिळत नाही. बाकीचं तीच तुला सांगेल." परदेशी निघालेल्या माणसाच्या पिशवीत लोणच्याची बरणी कोंबणारी माझी आई मला आठवली. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

विमान दुपारी सुटलं, शनिवारी. चारेक तासांत रारोटोंगाला उतरले, तेव्हा तिथे शुक्रवारची रात्र होती. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की घड्याळ बावीस तास मागे जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शनिवार, पुन्हा बाजार. अवारुआ गावाच्या किनाऱ्यावरच्या पुनांगा नुई बाजारात तेच अळूचे कांदे, तीच शहाळी, तेच फुलांचे मुकुट. फरक एवढाच, की लोकरीच्या टोप्या गायब होत्या.

कुक बेटं म्हणजे पॅसिफिक महासागरात भारताच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रफळाएवढ्या समुद्रावर विखुरलेली १५ बेटं. लोकसंख्या सगळी मिळून १५ हजारांच्या आसपास. न्यूझीलंडमध्ये मात्र २०१८च्या जनगणनेत ८० हजारांहून जास्त लोकांनी आपण कुक बेटांचे असल्याचं लिहिलं. म्हणजे घरी एक तर परदेशी पाच. १९०१ साली न्यूझीलंडनं ही बेटं आपल्याला जोडून घेतली. ४ ऑगस्ट १९६५ पासून ती स्वशासित आहेत, पण नागरिकत्व न्यूझीलंडचंच राहिलं, त्यामुळे ये-जा मोकळी. ज्या कॅप्टन कुकचं नाव लागलं त्याला सर्वांत मोठं बेट, रारोटोंगा, कधी दिसलंच नाही. नाव तर पुढे एका रशियन नकाशाकारानं दिलं.

बेटाला ३२ किलोमीटरचा गोल रस्ता आहे. त्यावर दोन बस फिरतात. एकीच्या पाटीवर 'घड्याळाच्या दिशेनं' लिहिलेलं, दुसरीच्या पाटीवर 'उलट दिशेनं'. चुकीच्या बसमध्ये बसलं तरी पोचायचं तिथे पोचतोच, उशिरा. मी पुडकं मांडीवर घेऊन उलट दिशेच्या बसनं निघाले. खिडकीतून दिसत होतं ते सगळं ओळखीचं होतं, आणि त्यामुळेच अनोळखी. कोकणातल्या परड्यात असतात तीच झाडं: जास्वंद, चाफा, केवड्याची भावंडं, अळू, नारळ, आणि नीरफणस. आमच्याकडे ज्याची कापं तव्यावर परततात तो नीरफणस हा इथला खरा मानकरी. याच्याच रोपांसाठी ब्लाय या इंग्रज कप्तानाचं बाउंटी जहाज ताहितीला आलं होतं. परतताना एप्रिल १७८९ मध्ये ब्लायला या समूहातलं आयतुताकी बेट दिसलं आणि त्यानंतर अडीच आठवड्यांत जहाजावर ते प्रसिद्ध बंड झालं.

दुसरी गोष्ट, घरांच्या अंगणात थडगी. तुळशीवृंदावन असावं त्या जागी सिमेंटचा ओटा, वर पत्र्याचं छप्पर, कृत्रिम फुलं. इथे जमीन विकता येत नाही. ती वारशानं येते किंवा भाडेपट्ट्यानं जाते. पूर्वज अंगणात झोपलेले असले म्हणजे जमीन कुणाची हे निराळं सांगावं लागत नाही.

ओताराच्या मामांची बहीण, म्हणजे थोरल्या मामा, ऐंशीच्या घरातल्या. "किया ओराना" म्हणाल्या. नमस्कारासारखा वापरतात, पण अर्थ 'जगत राहा' असा; आमच्या 'औक्षवंत हो'च्या जवळचा. गळ्यात फुलांची माळ घातली, पुडकं उघडलं, लाल कापड खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "हाच. आमच्या आईचा लाल."

मग त्यांनी लाकडी पेटी उघडली.

आधी निघाली तीवाएवाए मानु. ही दोनच रंगांची. रंगीत कापडाची चौघडी, मग आणखी एक घडी घालून कात्रीनं नक्षी कापतात. लहानपणी आपण पतंगाचा कागद दुमडून जाळी कापायचो तशीच. उलगडलं की चारी दिशांना सारखी नीरफणसाची पानं. ती दुसऱ्या रंगाच्या कापडावर कच्च्या दोऱ्यानं टाचायची आणि कडा सुईच्या टोकानं आत मुडपत मुडपत बारीक टाक्यांनी शिवत जायचं. कापायचा मान गावातल्या जाणत्या बाईचा. तिला ताउंगा म्हणतात. अवघं कापड एकदाच कात्रीखाली जातं, चुकलं की संपलं. ताउंगा कापत असताना घरात कुणी बोलत नाही, असं थोरल्या मामा म्हणाल्या. मग पुटपुटल्या, "मी बोलते, कारण आता मीच ताउंगा आहे."

नंतर तीवाएवाए ताताउरा. हिच्यात फुलं वेगवेगळी कापून लावतात आणि पाकळ्यांवर रंगीत दोऱ्यानं शिरा भरतात. गर्द जांभळ्या पॅन्सीची फुलं होती एकावर. पॅन्सी थंड हवेतली; रारोटोंगाच्या अंगणात ती फुलायची नाही. "ही ऑकलंडची," मामा म्हणाल्या. "बहिणीनं पाठवली. तिच्या खिडकीखाली होती." एवढ्याच एका ठिकाणी मला स्थलांतर उघड्या डोळ्यांनी दिसलं.

खरं तर मी वेगळीच अपेक्षा घेऊन आले होते. कुटुंबाचा प्रवास नोंदवणारं कापड म्हणजे त्यावर बोट असेल, बेटाचा नकाशा असेल, नावं आणि साल असतील. पॅसिफिकमध्ये असं कापड आहेही. हवाईची राणी लिलिउओकलानी हिला १८९३ साली पदच्युत केलं आणि १८९५ मध्ये होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात काही महिने कोंडून ठेवलं, तेव्हा तिनं आणि तिच्या सोबतिणींनी एक वाकळ शिवायला घेतली. तिच्यावर झेंडे आहेत, नावं आहेत, तारखा आहेत. कैदेची हकिकत टाक्यांत लिहून ठेवलेली आहे. आज ती त्याच राजवाड्यात मांडली आहे. कुक बेटांची तीवाएवाए असं काही लिहीत नाही. फुलं, पानं, तारे. वाचणारा घरचा नसेल तर मुकीच.

वाचायची कशी ते शेवटी निघालेल्या तीवाएवाएनं कळलं. ही ताओरेई, सगळ्यांत कष्टाची. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडे मोठे चौकोन, हजारोंनी. ही पेटीतली मात्र अपुरी होती. एकच कोपरा, तोही जुना, रंग विटलेला. "हा नमुना आईचा. ती तोंगारेवाची."

तोंगारेवा, ज्याला पेनऱ्हिन असंही म्हणतात, इथून जवळजवळ चौदाशे किलोमीटर उत्तरेला. १८६२-६३ मध्ये पेरूहून मजूर पकडायला आलेल्या जहाजांनी तिथली शेकडो माणसं नेली. परत आली ती फार थोडी. बेट जवळजवळ ओस पडलं. त्याच सुमाराला, १८६३ मध्ये, विल्यम मार्स्टर्स नावाचा एक इंग्रज पामर्स्टन या निर्मनुष्य प्रवाळबेटावर नारळाच्या राखणीला म्हणून राहायला गेला. सोबत तोंगारेवाच्या बायका. त्याचे तीन संसार झाले. त्यानं बेट आणि भोवतालची खडकांची रांग तीन घराण्यांत वाटून दिली आणि एका घराण्यात आपापसात लग्न करायचं नाही असा दंडक घातला. १८९९ मध्ये तो वारला. आज पामर्स्टनवर मोजकी माणसं उरली आहेत, पण मार्स्टर्स आडनावाचे लोक रारोटोंगात आणि न्यूझीलंडमध्ये जागोजाग भेटतात. पामर्स्टनची घरातली बोली इंग्रजीच राहिली, तीही एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यातल्या वळणाची.

थोरल्या मामांचे वडील पामर्स्टनचे. म्हणजे आजोळ तोंगारेवाचं, बापाकडून एक इंग्रज खलाशी, जन्म रारोटोंगाचा. "तुम्ही स्वतःला कोण म्हणवता?" असं मी विचारलं. प्रश्न विचारून झाल्यावर तो बावळट वाटला. मामांनी तो कानाआड केला आणि विटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही ओळ आईची. टाके बघ, डावीकडे कललेत. ती डावरी होती. ही आत्याची. आत्या पामर्स्टनची, तिला नमुना मोजायला इंग्रजी आकडे लागायचे, बाकीच्या आमच्या भाषेत मोजायच्या. म्हणून इथे एक चौकोन चुकलाय. ही शेजारणीची. ही बहिणीची, तेव्हा ती दहा वर्षांची. आणि ही माझी."

एका हातभर कापडात तीन बेटं बसली होती, आणि एक चुकलेला चौकोन.

ताओरेई एकटीनं होत नाही. बायकांची मंडळं असतात, त्यांना वाइनेतिनि म्हणतात. ताउंगा नमुना पाहून रंग पुकारते: लाल दोन, पिवळे तीन, पांढरा एक. प्रत्येक जण आपल्या ओळीचे चौकोन त्याच क्रमानं दोऱ्यात ओवून घेते, फुलं ओवावीत तसे. ती माळ घरी न्यायची आणि एकेक काढत शिवायचं. क्रम दोऱ्यानंच राखलेला असतो, वेगळा कागद लागत नाही.

ही कला इथल्या मातीतली नाही, हे सांगायला मामांनी अजिबात संकोच केला नाही. लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन विल्यम्स १८२१ मध्ये आयतुताकीला पोचला. त्यानं मागे ठेवलेला पापेइहा हा रायातेया बेटाकडचा धर्मप्रचारक १८२३ मध्ये रारोटोंगाला आला. पाठोपाठ पाद्री, त्यांच्या बायका आणि सुईदोरा. तोवर इथलं कापड म्हणजे तापा: कागदी तुती, नीरफणस किंवा वडाची आतली साल भिजवून लाकडी मोगरीनं बडवून केलेलं. जन्मलेल्याला तापा, सरदाराला तापा, मेलेल्याला तापा. पाद्र्यांच्या बायकांनी मुलींना शिवण शिकवलं ते अंग झाकायला. बायकांनी शिवण घेतलं आणि तापाची सगळी कामं त्याच्याकडून करून घेतली. ताहितीत याच कलेला तिफैफै म्हणतात. माझ्या मते पाद्रीणबाईंना आपण काय शिकवून चाललोय याचा पत्ता लागला नसावा.

तीवाएवाए करतात कशाला, या प्रश्नाचं उत्तर अशा कामांतच आहे. मुलगा मोठा होईपर्यंत त्याचे केस वाढवायचे आणि मग एके दिवशी कापायचे असा इथला संस्कार आहे, पाकोती रोउरू. आपलं जावळच, फक्त मुलगा चांगला जाणता असतो. तीवाएवाए घातलेल्या खुर्चीवर त्याला बसवतात, केसांच्या बटा फितींनी बांधतात, एकेक नातेवाईक उठून एक बट कापतो आणि पैसे ठेवतो. लग्नात नवराबायकोच्या खांद्यांवर तीवाएवाए पांघरतात. पाहुणा थोर असेल तर त्याला देतात. आणि माणूस गेलं की त्याला तीवाएवाएत गुंडाळून पुरतात.

मी पुन्हा विचारलं, "पुरतात? म्हणजे ती संपलीच?"

"मग? थंडी वाजेल ना त्याला," मामा म्हणाल्या, आणि त्या थट्टा करताहेत की नाही ते मला कळलं नाही.

त्या विटक्या कोपऱ्याची पुरी ताओरेई १९६६ साली झाली होती, धाकटी ऑकलंडला निघाली म्हणून. ती तेव्हा अठरा वर्षांची. रारोटोंगाचा मोठा विमानतळ १९७४ मध्ये उघडला; तोवर बहुतेकांचं जाणं बोटीनं, केळी आणि संत्र्यांच्या पेट्यांबरोबर. मुलीच्या हातात एक सूटकेस आणि कागदात बांधलेली तीवाएवाए. त्या पिढीतल्या अनेक जणी घरकामाच्या करारावर गेल्या, कुणी कपड्यांच्या कारखान्यात, कुणी इस्पितळांत सफाईला. पुरुष मांसाच्या कारखान्यांत किंवा टोकोरोआजवळच्या कागदगिरणीत. टोकोरोआत कुक बेटांची इतकी माणसं झाली, की ते सोळावं बेट म्हणून ओळखलं जाऊ लागलं. सुरुवातीला ऑकलंडमध्ये ही मंडळी शहराच्या मध्याला, पॉन्सन्बीत राहायची. घरांचे भाव चढले तशी दक्षिणेला मांगेरे, ओतारात सरकली. १९७०च्या दशकात मुदत संपलेले परदेशी शोधायला पोलीस पहाटे बेटकऱ्यांच्या घरांवर छापे घालत. रोख सामोआ, टोंगाच्या लोकांवर होता. कुक बेटांचे लोक तर हक्काचे नागरिक, पण कातडीचा रंग पाहून रस्त्यात त्यांनाही अडवत. त्याबद्दल सरकारनं माफी मागितली ती २०२१ मध्ये.

"मग ती ताओरेई आता ऑकलंडला आहे?" मी विचारलं. मला ती पाहायची होती. हातभर कोपऱ्यात एवढं, तर पुऱ्या पलंगभर कापडात किती असेल!

"मांगेरेच्या दफनभूमीत आहे. बहिणीचा नवरा गेला तेव्हा दिली."

साठ वर्षांपूर्वीचे डावीकडे कललेले टाके, आत्याचा चुकलेला चौकोन, सगळं मातीत. मी हळहळले. मामा मुळीच नाही. नवरा सामोआचा होता, त्याला इथलं अंगण मिळालं नाही, तेव्हा निदान इथलं कापड मिळालं, एवढंच त्या म्हणाल्या. नंतर कित्येक दिवस मी मनात हे घोळवत होते. आपण गोधडी विरेपर्यंत वापरतो, आठवण म्हणून फाटकीसुद्धा ठेवतो. यांची नोंद तयार होते तीच हातावेगळी करायला. राहतो तो नमुना, एक कोपरा, आणि कुणी कुठली ओळ शिवली हे सांगणारी एक म्हातारी. बघायला आलेल्या माणसाला त्यामुळे सतत उशीर झालेला असतो.

संग्रहालयांनाही तोच उशीर. चांगली ताओरेई कुणी विकत नसे. विकली तर देणार काय? अलीकडे दुकानांतून मिळतात, महाग असतात, आणि बऱ्याच यंत्रावर शिवलेल्या. लिन्से रोंगोकेया यांनी १९९२ मध्ये या कलेवर पुस्तक केलं, ते मुळात शिवणाऱ्या बायकांचंच पुस्तक आहे. प्रत्येकीचं छायाचित्र, तिचं बेट, तिची तीवाएवाए. पुढच्या पिढीनं वेगळी वाट काढली. कुक बेटं आणि आयर्लंड असा दुहेरी वारसा असलेल्या ऑकलंडच्या कलावंत आनी ओनील क्रोशाच्या रंगीत चकत्या विणून दालनंच्या दालनं भरतात. विणायला लोकांना सोबत बसवतात. वाइनेतिनिच ती, फक्त कलादालनात. मला हे जास्त आवडलं. काचेमागच्या कापडाला टाके घालता येत नाहीत.

रविवारी थोरल्या मामा मला अवारुआच्या देवळात घेऊन गेल्या. प्रवाळाच्या चुन्यानं बांधलेली ही पांढरी इमारत १८५३ची. बायकांच्या डोक्यांवर नारळाच्या कोवळ्या पात्यांच्या विणलेल्या टोप्या, त्याही पांढऱ्या. गाणं सुरू झालं आणि बाकं थरथरली. पुरुष छातीतून हुंकार देतात, बायका त्यावर सूर चढवत नेतात, आणि कुणीही कुणाची वाट पाहत नाही. मामांची टोपी तोंगारेवाच्या विणीची होती. तिकडच्या टोप्या सगळ्यांत बारीक असतात असं त्यांनी मला ऐन प्रवचनात कानात सांगितलं.

सोमवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर वाइनेतिनि बसली. सहा जणी, सगळ्यांत लहान चाळीस वर्षांची, तीही सुट्टीवर ऑकलंडहून आलेली. बाहेर ४ ऑगस्टच्या स्वशासनदिनाच्या उत्सवासाठी ढोलांची तालीम चालू होती. ओतारातून आणलेलं लाल कापड सकाळीच चौकोनांत कापून झालं होतं. धाकट्या मामांच्या त्याच नातवाचे, पुडकं आणायला धावलेल्या मुलाचे, डिसेंबरात केस कापायचे आहेत. त्याच्यासाठी आईच्या नमुन्याची नवी ताओरेई: दोन भाग रारोटोंगात, दोन मांगेरेत, जोडायचे तिकडे.

मामा रंग पुकारत होत्या, बाकीच्या ओवत होत्या. आत्यानं चुकवलेला चौकोन आला तेव्हा मी मुद्दाम कान टवकारले. मामांनी तो चुकीचाच पुकारला. कुणी दुरुस्त केलं नाही.

मला एक सुई मिळाली. आजीच्या हाताखाली धावदोरा शिकलेली मी, वाटलं होतं जमेल. दोन चौकोन चार टाक्यांत जोडले, मामांपुढे धरले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, काही बोलल्या नाहीत, आणि माझ्यापुढे तळलेल्या केळ्यांची ताटली सरकवली. तो मान होता की सुई काढून घ्यायची रीत होती, मी विचार केला नाही. केळी उत्तम होती.

मंगळवारी दुपारी निघाले ती बुधवारी संध्याकाळी ऑकलंडला उतरले; मिळालेला दिवस वाररेषेनं परत घेतला. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला, शिवून झालेला एक तुकडा होता. धाकट्या मामांच्या घरी हीटरपाशी बसून त्यांनी तो मांडीवर उलगडला. बोट ओळींवरून फिरू लागलं. ही बहिणीची, म्हणाल्या. ही अमकीच्या सुनेची, हात सुधारला तिचा. चुकलेल्या चौकोनाशी बोट क्षणभर थांबलं, पुढे गेलं. मग परत मागे आलं, दुसऱ्याच ओळीत, डावीकडून सहाव्या चौकोनावर.

"हे कुणी शिवलं?"

मी हात वर केला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग टाक्यांकडे. बिस्किटांच्या जुन्या डब्यातून छोटी कात्री काढली, आणि बहिणीची खुशाली विचारत विचारत माझे चारही टाके उसवले.